सार्जंटसाहेबांचं स्टेडियम

लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया. शहराला लागून राष्ट्रीय स्टेडियम. नाव सॅम्युएल कॅनियन डो क्रीडासंकुल. हे डो कोण? नामांकित गोलकीपर? छे, लष्करातले सार्जंट. एप्रिल १९८० मध्ये बंड केलं, त्यात राष्ट्राध्यक्ष टॉलबर्ट मारले गेले, आणि हे खुर्चीत बसले. दहा दिवसांनी जुन्या राजवटीच्या १३ बड्या मंडळींना समुद्रकिनारी खांबांना बांधून गोळ्या घातल्या. पत्रकारांच्या साक्षीनं.

एवढं कर्तृत्व असल्यावर पाटीला उशीर कशाला?

१९८६ मध्ये स्टेडियम उभं राहिलं. बांधलं चीननं, नाव लागलं डोंचं. हयात नेत्याचं नाव स्टेडियमला पाहून भुवया उंचावायचे आपले दिवस सरलेत, तेव्हा पुढं जाऊ.

१९८९ मध्ये याच डोंनी तैवानशी सोयरीक जुळवली. चीन रुसला, संबंध तोडून मोकळा झाला. स्टेडियम थोडंच परत नेता येतं?

१९९० मध्ये बंडखोर प्रिन्स जॉन्सननं डोंना पकडून हालहाल करून मारलं. त्याची चित्रफीतही काढली. तीत हे महाशय निवांत बिअर पिताना दिसतात. पुढं ते सेनेटर झाले. रीतसर निवडून.

पाटीला कुणी हात लावला नाही.

२००३ मध्ये यादवीच्या शेवटच्या लढाया मनरोव्हियात शिरल्या. ऐन पावसाळ्यात हजारो माणसं पोराबाळांसह या स्टेडियमच्या आसऱ्याला आली, गॅलऱ्यांखाली राहिली. डोंच्या नावानं जनतेला एवढा निवारा त्यांच्या हयातीत कधी मिळाला होता?

त्याच वर्षी लायबेरियानं तैवानला सोडचिठ्ठी दिली. चीन परतला आणि यथावकाश स्टेडियमची डागडुजीही झाली. रुसवे कायमचे नसतात, कंत्राटं असतात.

आता फुटबॉल. हो, तोही होतो तिथं.

जॉर्ज वेआ. १९९५ चा बॅलन डी'ओर जिंकणारा, आजवरचा एकमेव आफ्रिकी खेळाडू. देश मात्र विश्वचषकाला एकदाही पोहोचला नाही. मग गडी राजकारणात उतरला. जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ त्यानं याच स्टेडियममध्ये घेतली. म्हणजे खेळाडूच्या राज्यारोहणाला मैदान सार्जंटच्या नावाचं!

आठ महिन्यांनी आणखी गंमत. वेआंची १४ नंबरची जर्सी निवृत्त करायची म्हणून नायजेरियाशी मैत्रीपूर्ण सामना ठेवला. राष्ट्राध्यक्ष स्वतः मैदानात. वय ५१. खेळले किती? ७९ मिनिटं. त्याआधी बदली करायची छाती कुठल्या प्रशिक्षकाची?

लायबेरिया २-१ नं हरला. नायजेरियाला कुणी शिष्टाचार शिकवला नसावा.

२०२३ च्या निवडणुकीत वेआ थोडक्यात पडले आणि अंतिम निकालाची वाट न पाहता हार मानून मोकळे झाले. त्या प्रदेशात हे नवलच. जोसेफ बोआकाईंनी शपथ घेतली ती स्टेडियममध्ये नाही, संसद भवनात. उकाड्यानं बेजार होऊन त्यांना भाषण आटोपतं घ्यावं लागलं. वय ७९.

वेआ तेवढी मिनिटं तरी पळाले होते.