'एक्सेप्ट'कार प्रश्नकर्त्यांस अनावृत पत्र

प्रश्नसंचकार महोदय,

अवघे वैद्यकशास्त्र चार पर्यायांच्या खुराड्यात कोंबण्याचे आपले कसब वादातीत असून, पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या 2024 च्या 'नीट-पीजी'त 200 प्रश्नांना साडेतीन तास, म्हणजे दर प्रश्नाला 63 सेकंद मिळाल्याने, विद्यार्थ्यांनी आपणांस तारणहार मानावे हे ओघानेच आले. छपाईच्या चुका आणि आवृत्तीगणिक पालटणारी उत्तरे या किरकोळ बाबी होत. खरा सल आहे तो प्रश्नाच्या शेपटीला बांधलेल्या 'एक्सेप्ट', म्हणजे 'वगळता', या शब्दाचा.

'मण्यारदंशात पुढील सर्व आढळते, एक्सेप्ट': पापण्या जड होणे, पोटदुखी, श्वसनस्नायूंचा लकवा, दंशस्थानी मोठी सूज. विद्यार्थी चार सेकंदांत 'सूज' निवडून पुढे सरकतो. मात्र बरोबर उत्तर म्हणून खूण झालेली तीच गोष्ट स्मरणात घट्ट बसते आणि काही महिन्यांनी मण्यार म्हटले की नेमकी सूज आठवते. जमिनीवर झोपलेला आणि पहाटे पोटदुखीने जागा झालेला शेतमजूर ग्रामीण रुग्णालयात येतो तेव्हा त्याच्या अंगावर ना सूज असते ना धड दाताची खूण, आणि साप चावल्याचे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. अशा वेळी पित्ताची गोळी देऊन त्याची बोळवण झाली, तर त्या गोळीत आपलाही वाटा धरावा लागेल. असे पाठांतर ज्ञान म्हणून विकणे ही, स्पष्टच सांगायचे तर, लबाडी आहे.

आकड्यांच्या पाठांतराचेही तेच. साप कोणता हे कळत नसेल, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्ताची गोठणक्षमता गेली आहे काय हे पाहण्यासाठी 2 मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. 20 मिनिटांचा हा आकडा आपल्या संचात आहेच. पण ती नळी साबणाने धुतलेली असली तर निरोगी रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष फसतो, हे सांगणारा पर्याय कुठे आहे?

अर्थात आपणही बहुधा कुणी निवासी डॉक्टरच असाल, रात्रपाळी उतरल्यावर, डोळे मिटत असताना, प्रश्नामागे ठरलेल्या मानधनासाठी चौथा पर्याय शोधणारे. त्या खुराड्यातून आपणही गेलेले आहात, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा पुढील आवृत्तीत निदान एक प्रश्न पर्यायांवाचून छापावा, आणि त्याखाली वेळ लिहावा: 20 मिनिटे.