वरचं मॉडेल, खालचा भाव

बंगळूरच्या राजाजीनगरचा माणूस कॉफी बाय-टू पितो आणि गाडी टॉप मॉडेल घेतो. नवरंग टॉकीजजवळच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या एका पेल्याचे दोन करून चार पैसे वाचवणारा हाच गृहस्थ, शोरूममधला पोरगा ‘सार्, फक्त ऐंशी हजार जास्त, सनरूफ मिळतं’ म्हणाला की जागेवर विरघळतो. त्या वाक्यातलं ‘फक्त’ त्याला ऐकू येतं, ऐंशी हजार येत नाहीत. वर तो बायकोला सांगतो, ‘पुढे विकायला बरं.’ मध्यमवर्गीय घरात कुठलीही चैन या तीन शब्दांच्या पासावरच आत येते.

पेट्रोलच्या काळात ही उतरंड सोपी होती. एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय. गाडीच्या पाठीवरची अक्षरं वाचली की मालकाचा पगार कळे. विजेच्या गाड्यांनी अक्षरं सोडून स्वभाववर्णन धरलं. टाटांची नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली तेव्हा एक्सएम, एक्सझेड प्लस अशीच होती. २०२३ मध्ये तिच्यात क्रिएटिव्ह, फिअरलेस, एम्पॉवर्ड असे गुण प्रकटले. शिवाय फिअरलेस प्लस, आणि त्याच्याही वर फिअरलेस प्लस एस. म्हणजे धैर्यालाही तीन इयत्ता. महिंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरात बीई ६ आणली आणि पॅक वन, टू, थ्री असे सरळ आकडे दिले. आम्हाला बरं वाटलं. पण लवकरच पॅक टू आणि पॅक थ्रीच्या मधोमध ‘पॅक थ्री सिलेक्ट’ येऊन बसला. दोन पायऱ्यांमध्ये तिसरी घुसवल्याशिवाय आपल्या देशात कुणाला शांत झोप लागत नाही.

आमच्या ब्लॉकात एक निवृत्त बँक अधिकारी राहतात, मूळचे निपाणीचे. त्यांनी विजेवरची गाडी घेतली ती सर्वांत वरची, कारण हुबळीच्या साडूने तीच गाडी एक पायरी खालची घेतली होती. आयुधपूजेला चाकांखाली लिंबं ठेवून, कोहळा फोडून तिचं स्वागत झालं. सनरूफ एकदाच उघडलं, इस्कॉनच्या टेकडीपाशी, नातवाला कळस दाखवायला. आत धूळ आली. तेव्हापासून ते नुसतं छप्पर आहे.

आता गाडी विकायची ठरली. एजंट येणार म्हणून साहेबांनी बँकेच्या शिस्तीत यादी केली: सनरूफ, थंडगार वारा सोडणाऱ्या सीटा, आठ स्पीकर, दारांच्या कडेने रंग बदलणारे दिवे. एजंटने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडलं आणि विचारलं, ‘ब्याटरी हेल्थ एष्टु (किती) सार्?’ साहेबांनी सनरूफ उघडून दाखवलं. ‘चेन्नागिदे (छान आहे) सार्,’ तो म्हणाला आणि पुन्हा यंत्रात डोकं घातलं. साहेबांनी दिव्यांचे सगळे रंग फिरवून दाखवले. ‘सूपर सार्. फास्ट चार्जिंग एष्टु सल माडिदीरा (किती वेळा केलंत)?’ शेवटी भाव निघाला. साडूच्या मॉडेलपेक्षा फक्त वीस हजार जास्त. या खेपेला मात्र साहेबांना ‘फक्त’ही ऐकू आलं आणि वीस हजारही.

एजंटाचं काही चुकलं नव्हतं. विजेच्या गाडीत सर्वांत महाग वस्तू एकच, बॅटरी. ती किती मोठी, किती थकलेली आणि वॉरंटीची किती वर्षं उरलेली, एवढ्यावर भाव ठरतो. दिव्यांचे रंग बोलण्यापुरते. पण गंमत अशी की कंपन्यांनी या एकमेव कामाच्या वस्तूची गाठ सजावटीशी मारून ठेवली आहे. पेट्रोलच्या गाडीत वरचं मॉडेल घेतलं म्हणून टाकी कधी मोठी झाली नाही. इथे होते. याच बंगळूरने २००१ मध्ये देशाला रेवा ही विजेची गाडी दिली. २०१० मध्ये ती कंपनी महिंद्राकडे गेली आणि २०१६ च्या ई२ओ प्लसमध्ये लांब पल्ला मिळाला तो पी८ या सर्वांत वरच्या मॉडेललाच. लांब जायचं तर आधी वर चढा, ही रीत तेव्हापासूनची. २०२३ च्या नेक्सॉनमध्ये तर फिअरलेस नावाची गाडी ३० युनिटच्या बॅटरीची होती आणि ४०.५ युनिटचीही. नाव तेच, तोरा तोच. फरक बेळगावच्या वाटेवर कळायचा. त्याआधीच्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सला घरचा वेगवान चार्जर हवा तर ५० हजार वेगळे होते. जुन्या बाजारात आज त्या चार्जरला आणि मोठ्या बॅटरीला विचारणारे भेटतात. सीटमधून वारा येतो का, हे फार तर मे महिन्यात कुणी विचारील.

इतकं करून मोठ्या बॅटरीचं टॉप मॉडेल घेतलं तरी सुटका नाही, कारण जुन्या गाडीचा भाव शेवटी नव्या गाडीची किंमत ठरवते. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी नेक्सॉन ईव्ही १४.७४ लाखांपासून सुरू झाली. बरोबर वर्षाने, सप्टेंबर २०२४ मध्ये, सणाची भेट म्हणून ती १२.४९ लाखांपासून मिळू लागली आणि वरच्या मॉडेलांवर तीन लाखांपर्यंत सूट आली. नव्या गिऱ्हाइकाने पेढे वाटले. आदल्या दिवाळीत वरचं मॉडेल घेतलेल्याने वर्तमानपत्र घडी घालून उशीखाली ठेवलं, बायकोच्या नजरेस पडू नये म्हणून.

तीन लाखांचा आकडा मराठी माणसाला या शहरात नवा नाही. शहाजीराजांच्या जहागिरीचं बंगळूर त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी तंजावरला बस्तान बसल्यावर विकायला काढलं. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांशी तीन लाखांत बोलणी चालली होती. तेवढ्यात १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने शहर ताब्यात घेतलं, आणि वडियारांनी ते तीन लाख मोगलांना मोजून शहर घेतलं. शहराच्या पहिल्याच मोठ्या रिसेलचा धडा हा असा: मालक गिऱ्हाइकाशी घासाघीस करत बसतो, आणि भलताच बलाढ्य माणूस मधे येऊन व्यवहार उरकून जातो. तेव्हा तो मोगलांच्या छावणीतून आला. आता तो शोरूममधून येतो, हातात सणाची जाहिरात घेऊन.

सरकारही या उतरंडीला हातभार लावतं. विजेच्या गाड्यांसाठी २०१७ मध्येच धोरण आणणाऱ्या कर्नाटकाने मार्च २०२४ पासून २५ लाखांवरच्या विजेच्या गाडीला १० टक्के आजीवन कर लावला. बीई ६ सुरुवातीला १८.९० लाखांची होती, तिला तेव्हा कर नव्हता; तीच पॅक थ्रीमध्ये २६.९० लाखांवर गेली की अडीच लाखांहून अधिक रक्कम सरकारजमा व्हायची. दुसरा मालक हे पैसे परत देत नाही, तो नुसती सहानुभूती देतो. शिवाय नव्या विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के, आणि व्यापाऱ्याने जुनी विकली तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के. हे १८ टक्के जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला ठरवले. वाळवंटात बसून ठरवल्यावर ओलावा कुठून येणार?

राहता राहिली आजन्म वॉरंटी. एमजी, महिंद्रा, मागोमाग टाटा, सगळ्यांनी काही गाड्यांच्या बॅटरीला ती जाहीर केली. त्यातला जन्म गाडीचा नसतो, पहिल्या मालकाचा असतो. राजाजीनगरच्या आरटीओत, केए-०२ च्या दप्तरात, आरसी बुकावरचं नाव बदललं की तो जन्म संपतो आणि दुसऱ्याला आठ किंवा दहा वर्षं उरतात, तीही मूळ तारखेपासून मोजून. पुनर्जन्म आहे, पण पुण्य पुढे नेता येत नाही.

एवढ्या सगळ्यातून शहाणपण काय काढायचं? नवी घ्यायची तर मोठ्या बॅटरीचं सर्वांत साधं मॉडेल घ्या. जुनी घ्यायची तर सर्वांत वरचं घ्या. त्यातल्या मिरवण्याचे पैसे पहिल्या मालकाने भरलेले असतात. हे मी आमच्या बँकवाल्या साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गाडी एजंटाला न देता परवा तुमकूरच्या एका गिऱ्हाइकाला चक्क एक लाख जास्त घेऊन विकली. बॅटरी तीच, किलोमीटर तेच. ‘त्याला काय सांगितलंत?’ मी विचारलं. साहेब म्हणाले, ‘काही नाही. त्याच्या साडूकडे कुठलं मॉडेल आहे, तेवढं विचारलं.’