पंत, बसा!

सल्ला द्यायला निघताना मी पंतांना घरी ठेवून जातो. सल्लागाराने पुरावा सोबत बाळगू नये.

पंत हे आमच्या कुत्र्याचं नाव. पार्किंगमध्ये स्कूटरखाली सापडले तेव्हापासून त्यांच्या चेहऱ्यावर 'अर्ज नियमात बसत नाही' असा भाव आहे. असा चेहरा असलेल्या प्राण्याला अरे-तुरे करायला जीभ रेटत नाही, म्हणून घरात अहो-जाहो चालतं. पूर्वी कुणी जात विचारली की मी 'गावठी' म्हणून मोकळा व्हायचो. हल्ली 'इंडी' म्हणतो. पंतांच्या शेपटीचा बाक होता तसाच आहे, पण विचारणाऱ्याची मान जरा आदराने हलते आणि मला तेवढं पुरतं.

आमच्या लिफ्टला तळमजल्यावरून पाचव्यापर्यंत जायला बरोबर एक सल्ला लागतो. कुणाच्या हातात पट्टा दिसला की मी पाव्हलॉव्हपासून सुरुवात करतो. त्याला 1904 साली नोबेल मिळालं ते घंटा आणि लाळेसाठी नव्हे, पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी, हे ऐकून लोक निदान तिसऱ्या मजल्यापर्यंत गप्प राहतात. चौथ्यावर कुणीतरी विचारतंच, "काका, ते ठीक, पण आमच्या बीगलने उशी फाडून कापूस खाल्लाय." मग मी गंभीरपणे म्हणतो, "तेच सांगतोय, पचनाचा प्रश्न आहे." तोवर दार उघडतं. (कापूस खाल्ला असेल तर डॉक्टरकडे न्यायचं असतं. तेही मी सांगतो, पण दार बंद होता होता.)

खरं तर कुत्रा सांभाळायची माहिती एका पोस्टकार्डावर मावेल. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडंथोडं, मोठ्याला दोनदा. पाणी कायम. लसी वेळेवर, जंताचं औषध वेळेवर. बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत. दोन वेळा फिरवणं, आणि मे महिन्यात डांबरावर आधी आपला तळहात टेकवून बघणं. आपल्याला सोसलं नाही तर त्यांनाही सोसत नाही. झालं. पण पोस्टकार्ड लिहून कुणी 'श्वानतज्ज्ञ' होत नाही. त्यासाठी लोकांना घाबरवावं लागतं, आणि घाबरवायला मराठी स्वयंपाकघरासारखी जागा नाही.

कांदा. लसूण. मनुका. ज्या तीन वस्तूंवाचून आमच्याकडे ना भाजी होते, ना चटणी, ना शिरा, त्या तिन्ही कुत्र्याला वर्ज्य. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो, की मसाल्यात पूड होऊन लपलेला असो. द्राक्षं आणि मनुका-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेटचं सगळ्यांना माहीत असतं, कारण ते परदेशी आहे. बेदाण्याचं कुणाला पटत नाही, कारण तो प्रसादात असतो. सत्यनारायणाच्या दिवशी सासूबाईंनी पंतांपुढे शिऱ्याची मूद ठेवली आणि मी झडप घालून ती उचलली, तेव्हा गुरुजींसकट सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू साधुवाण्याची नौका माझ्यामुळेच बुडाली. "प्रसादाला नाही म्हणू नये," सासूबाई म्हणाल्या. मी मूत्रपिंडांबद्दल बोललो. पूजेच्या दिवशी मूत्रपिंडांबद्दल बोलू नये, हे मला नंतर स्वतंत्रपणे सांगण्यात आलं.

त्यानंतर तुपाचा प्रश्न निघाला. पंतांच्या पोळीला सासूबाई तूप लावतात. फार चरबी पोटात गेली तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते, असं मी म्हटल्यावर त्यांनी शांतपणे संत नामदेव काढले.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की बाबा रे, कोरडी खाऊ नकोस. भक्तीच्या दृष्टीने प्रसंग थोरच आहे. श्वानप्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यात दोन गंभीर चुका आहेत. पहिली, कुत्र्याने वस्तू पळवली की त्याच्यामागे कधीही धावायचं नाही. त्याला तो खेळ वाटतो आणि दुसऱ्या दिवशी तो तुमचा चष्मा नेतो. आपण उलट दिशेला पळावं किंवा जागच्या जागी बसून बदल्यात त्याहून चांगली वस्तू दाखवावी. चांगली वस्तू नामदेवांच्या हातात होती, हे मान्य. पण ती घेऊन ते बसले असते तर कुत्रा आपणहून परत आला असता. दुसरी चूक अर्थातच तूप. पुढे नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, 2015 साली आपलं साहित्य संमेलनही तिथे भरलं. पण तिथल्या कुत्र्यांना त्या काळात किती तूप मिळालं असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. बरं, सगळेच संत या विषयात कच्चे नव्हते. एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतलं गंगेचं पाणी पाजलं. उन्हाने कासावीस झालेल्या जनावराला आधी पाणी, ही पद्धत आजही बरोबर आहे. आणि ज्ञानेश्वर तर या क्षेत्रातले शिखरच म्हणायचे. पैठणला रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला, आज्ञा एकदाच दिली, आवाज चढवला नाही, बिस्किट दाखवलं नाही, आणि थेट वेद. मी पंतांना गेल्या पावसाळ्यापासून 'बसा' म्हणतो आहे.

माझं हे सगळं विवेचन सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नामदेवांना कुत्र्यात विठ्ठल दिसला. तुम्हाला काय दिसतं? स्वादुपिंड."

तो विषय तिथे संपला. तूप चालूच आहे, थेंबभर, माझी पाठ वळल्यावर.

आता 'बसा'बद्दल. कुत्र्याला बसायला शिकवणं अगदी सोपं आहे, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. उकडलेल्या चिकनचा तुकडा चिमटीत धरायचा, त्याच्या नाकासमोरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर जातं, मान मागे जाते आणि मागचं बूड आपोआप फरशीला टेकतं. टेकल्या क्षणी 'शाब्बास' म्हणून तुकडा द्यायचा. एक सेकंद, फार तर दोन. मी गुडघे टेकून हे सगळं शास्त्रशुद्ध केलं. पंतांचं नाक वर गेलं, बूड टेकलं. मला इतका आनंद झाला की मी आधी वळून बायकोकडे बघितलं. तिने बघितलंय याची खात्री केली, मग पुन्हा वळलो आणि 'शाब्बास' म्हणून तुकडा दिला. एवढ्या वेळात पंत उठून उभे राहिले होते. म्हणजे बक्षीस मिळालं ते उठण्याचं. हे आम्ही इतक्या निष्ठेने गिरवलं की आज पंतांना 'बसा' म्हटलं तर ते उठून उभे राहतात. उभे असले तर अधिक ताठ उभे राहतात. पाहुण्यांना मी सांगतो, "बघा, किती अदब आहे."

शिवाय घर मराठी. मी 'बसा' म्हणतो, बायको 'बस रे राजा', मुलगा 'सिट', आणि सासूबाई 'बस की मेल्या एका जागी'. शब्द घरात सगळ्यांचा एकच हवा, असं प्रशिक्षक सांगतात. आमच्याकडे दिवाणखान्याच्या रंगावर एकमत व्हायला दोन दिवाळ्या गेल्या. त्या काळात पंतांनी माझी कोल्हापुरी चप्पल खाल्ली. शेजारी बायकोची रबरी स्लीपर होती, तिला तोंड लावलं नाही. कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्यांना कसं कळलं कोण जाणे.

दुखण्याखुपण्यात तर सगळं घरच डॉक्टर होतं. सासूबाई पंतांच्या कपाळाला हात लावून म्हणतात, "ताप आहे याला." ताप नसतो. कुत्र्याचं अंग मुळातच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या हिशेबाने ते जन्मभर अंथरुणात पडून काढा प्यायच्या अवस्थेत असतात. माणसाच्या तापाची गोळी मात्र त्यांना चुकूनही द्यायची नाही, ती त्यांना विषासारखी बाधू शकते. पावसाळ्यात कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडली की कुणीतरी हमखास म्हणतं, "रॉकेल चोळा." ते सांगणाऱ्याला एकदा रॉकेल चोळून ते चाटायला लावावं, असं माझ्या मनात येतं. आणि कुत्रा चावल्यावर जखमेवर हळद, चुना, तिखट भरणाऱ्यांपुढे माझी थट्टा संपते. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण 15 मिनिटं, आणि तिथून थेट दवाखाना, लसीसाठी. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर हातात काही उरत नाही. लिफ्टमध्ये मी हे सांगतो तेव्हा मजला आला तरी दार धरून ठेवतो.

तज्ज्ञ म्हणून नाव झालं की फोन येतात. निम्मे फोन जेवणाचे. उरलेल्या निम्म्यांचं पहिलं वाक्य एकच: "काका, कुणाला हवाय का हो?" बंगळूरला बदली झालीय. घरात बाळ येणार आहे. नव्या फ्लॅटचा मालक नको म्हणतोय. हस्की घेतलाय आणि नागपूरला चाललोय. बर्फात गाडी ओढायला जन्मलेलं जनावर नागपूरच्या मे महिन्यात घेऊन जाणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून मी 'बघतो' म्हणतो आणि फोन ठेवून घरातल्या माणसांवर ओरडतो.

अशाच एका फोनवर मी एक लॅब्रेडॉर बघायला गेलो. आठ वर्षांचा. घरात खोके बांधून झाले होते, भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा गोल उरला होता. मालक भला माणूस होता, नजर चुकवत होता. "पूर्ण शिकवलेला आहे, काका. काही त्रास नाही," असं म्हणून त्याने मला एकेक दाखवायला सुरुवात केली. सिट, बसला. डाउन, झोपला. स्टे म्हणून तो माणूस आतल्या खोलीत जाऊन आला, तो जागचा हलला नाही. मग शेकहँड. त्याने पंजा माझ्या हातात दिला. कडक, भेगाळलेली गादी, मधल्या नखाला चीर. मी हात हलवून सोडला. त्याने पुन्हा दिला. मी सोडला, पुन्हा दिला. समोर कुणी चकार शब्द बोलत नव्हतं, तरी देतच राहिला.

सबंध आयुष्यात पंतांनी एक आज्ञा पाळलेली नाही आणि सोफ्याच्या चांगल्या कोपऱ्यावर त्यांची मालकी आहे. आणि ज्याने एकही मोडली नाही, तो खोक्यांच्या मध्ये बसून होता. त्या दिवशी लिफ्टमध्ये कुणी काही विचारलं तरी मी सांगितलं नाही.

सुदैवाने त्याला घर मिळालं. वारज्यातल्या एक निवृत्त शिक्षिका त्याला घेऊन गेल्या. त्यांनी माझा एकही सल्ला विचारला नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं. पण दुसऱ्याच संध्याकाळी फोन आला. "जेवत नाहीये." मला हुरूप आला. मी म्हटलं, "नवीन जागा आहे, एक-दोन दिवस असं होतं, घाबरू नका. पाणी पितोय ना?"

"पाणी पितोय. आणि तो जेवत नाही असंही नाही हो," बाई म्हणाल्या, "तो वाटीसमोर बसलाय. वाटीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. लाळेचं तळं झालंय. तो कशाची तरी वाट बघतोय."

पाव्हलॉव्ह इथे उपयोगी पडला असता, पण माझं पाव्हलॉव्हचं ज्ञान तिसऱ्या मजल्यापर्यंतचं. मी बंगळूरला त्याच्या जुन्या मालकाला फोन लावला. 'ईट', 'ओके', 'गो' असा काहीतरी शब्द असणार, तो विचारून घ्यावा म्हणून. तिकडे तो माणूस बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "शब्द नाही, काका. आई होती तोवर तीच त्याला वाढायची. जेवणाआधीचा आख्खा श्लोक म्हणायची. तो संपल्याशिवाय तोंड लावायचं नाही, असं तिनेच लावलं होतं. नंतर आम्हीही तसंच चालू ठेवलं. तुम्हाला सांगायला लाज वाटली."

मी बाईंना कळवलं. "एवढंच ना?" म्हणाल्या, आणि फोन तसाच चालू ठेवून वर्गात म्हणावा तशा खणखणीत सुरात त्यांनी श्लोक म्हटला. शेवटचं अक्षर संपलं न संपलं तोच स्टीलची वाटी फरशीवर खडखडत सरकू लागली, ती थेट भिंतीवर आपटेपर्यंत.

हल्ली लिफ्टमध्ये मी सगळ्यांना ही श्लोकाची पद्धत सुचवतो. संयम शिकवायला याहून चांगला उपाय नाही, असं सांगतो. कुणाचा म्हणून विचारलं तर माझाच, असंही सांगतो. घरी प्रयोग करून बघितला. माझी पहिली ओळ होईपर्यंत पंतांनी त्यांची वाटी संपवली होती आणि दुसऱ्या ओळीशी मी अडखळलो तेव्हा ते माझ्या ताटाकडे बघत, अत्यंत अदबीने, उभे होते.