चोवीस तासांचा साठा

सोलापुरात पाणी पिणं हे फारसं कर्तबगारीचं काम मानत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाऊन बसला की पुण्याचे पाहुणे बाटली छातीशी धरून हिंडतात आणि आम्ही त्यांच्याकडे दयेनं बघतो. त्यात मी हायस्कुलातला भूगोलाचा मास्तर. ओळीनं चार तास घसा कोरडा करायचा, मधल्या सुट्टीत अर्धा कप चहा, संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याभर पाणी, एवढ्यावर माझी सगळी नोकरी निभावली. घरून भरून नेलेली बाटली भरलेलीच परत आणायची, हा माझा शिरस्ता. त्यात माझं काही चुकत होतं असं मला अजूनही वाटत नाही. मूत्रपिंडांना ते पटत नव्हतं, तर त्यांनी वेळीच सांगायचं.

त्यांनी सांगितलं ते पहाटे तीनला. डाव्या कुशीत कुणीतरी सांडशी घालून पीळ देत देत जांघेपर्यंत आणतंय, असं वाटलं. मुतखडा. आणि तोही दुसरा.

पहिला ४ मिलिमीटरचा होता. एवढे खडे बहुतेक वेळा आपले आपण निघून जातात, तसा तो गेला. श्रेयाला मात्र रांग लागली. आईच्या मते हुलग्याचं कढण, शेजारच्या आक्कांच्या मते पानफुटीची पानं आणि आमच्या पीटीच्या सरांच्या मते त्यांनी स्वखर्चानं आणलेली बिअर. मी कुणालाच नाराज केलं नाही. दुसरा ७ मिलिमीटरचा निघाला आणि मूत्रवाहिनीत असा अडकून बसला, की कढण, पानं आणि पीटीचे सर तिघांनीही हात टेकले. शेवटी दुर्बिणीनं फोडून काढावा लागला.

काढणारा डॉक्टर माझाच विद्यार्थी. मागच्या बाकावरचा. यानं एकदा नकाशात भीमा नदी थेट अरबी समुद्रात सोडली होती. आता तोच माझ्या मूत्रमार्गाचा नकाशा कागदावर काढत होता आणि त्यात दिशा वगैरे सगळं बरोबर होतं.

"सर, दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात, उरतं ते दीडेक लिटर. तुम्ही तेवढंही उरू देत नाही. पर्जन्यछायेचा प्रदेश तुम्हीच शिकवलात ना?"

भर ओपीडीत, नर्ससमोर.

माझी बाजू मजबूत होती. खडा कॅल्शियमचा असतो हे वाचून मी दूध, दही, ताक सगळं बंद केलं होतं. त्यानं कपाळाला हात लावला. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात हे खरं, पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि बाहेर काढतं. दही बंद केलं की ऑक्झलेट मोकळं सुटून लघवीत उतरतं. कमी करायचं ते मीठ, कारण मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं.

"आणि शेंगाचटणी?" मी विचारलं.

तो गप्प झाला. शेवटी तोही सोलापूरचाच. शेंगदाण्यात ऑक्झलेट, चटणीत मीठ, हे त्याला ठाऊक होतं. पण भिंतींनाही कान असतात. दाराकडे एक नजर टाकून तो हळूच म्हणाला, "बेतानं खा सर." मी सांगितलं असं कुणाला सांगू नका, हे तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

दुखलं की मेडिकलमधून गोळी आणून टाकायची, या माझ्या स्वावलंबनाचाही त्यानं समाचार घेतला. बऱ्याचशा वेदनाशामक गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि अंगात पाणीच नसेल तर दुप्पट दगा. मी अभिमानानं क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट पुढे केला. नॉर्मल होता. "निम्मं काम थांबेपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही, सर. किडनी घालवण्यात सगळ्यात पुढे मधुमेह आणि बीपी, आणि दोघेही आवाज करत नाहीत. त्यापेक्षा खडा बरा, बोंब तरी मारतो." बीपी माझं आहे. ते वर्गामुळे आहे असं मी समजतो.

मग त्यानं गृहपाठ दिला. खडा दुसऱ्यांदा झाला म्हणजे चोवीस तासांची लघवी साठवून तपासायची. सकाळची पहिली सोडून द्यायची, तिथून पुढची प्रत्येक, दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट, कॅनमध्ये. लॅबनं पाच लिटरचा पांढरा कॅन दिला. आत थोडं ॲसिड होतं. झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, अशी सूचना होती. ती मला देण्याची गरज नव्हती.

"त्या दिवशी नेहमीसारखंच वागा," डॉक्टर म्हणाला होता. पण तयारी न करता परीक्षेला बसणं माझ्या तत्त्वात नाही. सकाळपासून मी पाणी प्यायला लागलो. दर तासाला मोठा पेला. दुपारपर्यंत पोटात लाटांचा आवाज येऊ लागला.

कॅन गार जागी ठेवायचा होता. मी फ्रिज म्हणालो.

"अहो, आमरसाच्या पातेल्याशेजारी?" बायकोनं एवढंच विचारलं. त्या स्वरापुढे मी पुन्हा फ्रिजचं नाव काढलं नाही. शेवटी न्हाणीघरात ओलं गोणपाट गुंडाळून कॅन ठेवला, बाकीच्या कॅनांच्या रांगेत.

आता ही रांग कशाला, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, बऱ्याचदा रात्री-अपरात्री, आणि आलं की घरात युद्ध पुकारल्यासारखी हाक उठते. पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, डबे. ज्याला तळ आहे ते सगळं भरायचं. त्या रात्री मला उठवू नका असं मी बजावून झोपलो होतो. झोपताना कॅन निम्म्याला जरासा कमी होता.

सकाळी उठलो तर पाणी येऊन गेलेलं. घर कसं भरलेलं दिसत होतं. त्या समाधानातच मी न्हाणीघरात गेलो आणि माझा कॅन पाहिला. काठोकाठ. रात्री झोपेत दोन-तीनदा उठल्यासारखं अंधुक आठवत होतं. एवढं? पण दिवसभर मेहनतही तशीच घेतली होती. अंगावर मूठभर मांस चढलं. कॅनमध्ये थेंबाला जागा नव्हती, म्हणून शेवटचा हप्ता मी मिनरल वॉटरच्या बाटलीत वेगळा घेतला.

स्कूटरच्या पायाशी कॅन ठेवून निघालो, तर पार्क चौकाच्या अलीकडे एक जुना मित्र मोटरसायकल ढकलत येताना दिसला.

"का बे मास्तर, देवासारखा आलास! अर्धा लिटर ओत की."

"हे पेट्रोल नाही."

"डिझेल? कुठं घेऊन चाललास बे?"

"औषध आहे," मी म्हणालो आणि कॅनवर पाय घट्ट रोवला. पाच लिटर औषध मी गुडघ्यांत धरून का नेत होतो, हे तो आजही इतरांना विचारतो.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टसाठी बसलो होतो. शेजारी एक यंत्रमाग कामगार, पूर्व भागातला. डायलिसिसला आलेला, आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास. महात्मा फुले योजनेतून होतं म्हणाला. मला काय झालं, विचारलं. मी सांगितलं, तीन लिटर पाणी प्यायला सांगितलंय, जमत नाही.

"मला दिवसाला लिटरभर," तो म्हणाला. "चहा, आमटी धरून. या उन्हात बर्फाचा खडा तोंडात ठेवतो. तुमचं बरंय."

मी पिशवीतली भरलेली बाटली आणखी आत ढकलली.

एवढ्यात तंत्रज्ञानं हाक मारली. तो तरुण होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. "सर, उजनीचे दरवाजे उघडले होते काय?" नमुन्यात लघवीपेक्षा पाणीच फार. नुसतं मिसळलं असतं तर एकूण क्षार तरी मोजता आले असते. पण कॅन ओसंडून गेल्याच्या खुणा होत्या, म्हणजे किती वाहून गेलं याचा हिशेबच नाही.

घरी चौकशी बसली. सुट्टीला आलेला पुण्याचा भाचा छाती काढून उभा राहिला. "मामा, रात्री पाणी आलं ना, तेव्हा सगळ्यांचे डबे आम्ही भरले. तुझा अर्धाच होता. मी पाइप लावून पूर्ण भरला!" आईनं त्याला जवळ घेतलं. पुण्याच्या पोराला पाण्याची किंमत कळली, म्हणून तिचे डोळे भरून आले होते. बायको आमरस ढवळत होती; तिची पाठ हलत होती.

गृहपाठ पुन्हा लिहावा लागला. या वेळी तयारी करायला बंदी होती. नेहमीसारखं वागलो. भरलं ९०० मिलिलिटर. हवी होती अडीच लिटर. या उन्हात निम्मं पाणी घामातच जातं, तेव्हा तीन लिटरही कमी पडतील असं डॉक्टर म्हणाला. शिवाय मीठही भरपूर सापडलं होतं. रिपोर्ट बघून त्यानं चष्मा काढला.

"सर, उजनी ११७ टीएमसीची, बरोबर? त्यातला मृतसाठा किती?"

"त्रेसष्टच्या वर," मी सवयीनं म्हणालो.

"तुम्ही त्याच्याही खाली आहात. मायनसमध्ये."

ही उपमा घरी सांगायला नको होती. आता भाचा पुण्याहून रोज संध्याकाळी फोन करतो. आईची चौकशी नाही, मामीची नाही. "मामा, आज प्लसमध्ये आलास का?" मी टक्केवारी सांगतो. थोडी फुगवून.