टंचाईची बरकत

दुकानात माल नसेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते आणि गिऱ्हाईक गेले की दुकानदाराची पत जाते, ही आपल्या पेठांतील पिढीजात समजूत किती भाबडी होती, हे सप्रमाण दाखवून देण्याचे श्रेय अमेरिकेतील सांता क्लारा या एकाच गावी ठाणे देऊन बसलेल्या इंटेल आणि एएमडी या दोन कंपन्यांना दिले पाहिजे. संगणकाचे प्रोसेसर विकणाऱ्या या प्रतिस्पर्ध्यांनी २०१८ पासूनच्या चार वर्षांत आळीपाळीने टंचाई सोसली, आणि त्या सोसण्याचा मोबदला इतका घसघशीत वसूल केला की सहनशीलतेची गणना यापुढे सद्गुणांत न करता किफायतशीर उद्योगांत करावी, असे आमचे मत झाले आहे.

ज्येष्ठतेनुसार पहिला मान इंटेलचा. १० नॅनोमीटरच्या नव्या प्रक्रियेची मुदत वर्षानुवर्षे लांबत गेल्यामुळे सगळा भार १४ नॅनोमीटरच्या जुन्या प्रक्रियेवर येऊन पडला, त्यातच डेटा सेंटरांची मागणी अपेक्षेबाहेर वाढली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये हंगामी मुख्याधिकारी बॉब स्वान यांना, पुरवठा ताणलेला असून त्याची झळ विशेषतः स्वस्त संगणकांच्या बाजाराला बसत आहे, अशा आशयाचे पत्र प्रसिद्ध करावे लागले. कारण सर्व्हरांसाठीचे झिऑन आणि महागड्या संगणकांसाठीचे कोअर यांना अग्रक्रम देण्याचा निर्णय झाला होता. अग्रक्रम देणे म्हणजे ज्याच्या थैलीत अधिक द्रव्य त्याला आधी वाढणे आणि उरलेल्यांना धीर धरण्याचे महत्त्व समजावून सांगणे, हे सुज्ञांस सांगावयास नकोच. पुढल्या वर्षीच्या आरंभी चित्रनिर्मितीचा भाग बंद केलेले, नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर धारण करणारे प्रोसेसर अखंड प्रोसेसरांच्याच दराने यादीत दाखल झाले, आणि टंचाईच्या काळी व्यंगालाही पूर्ण मोल येते हा सिद्धांत प्रस्थापित झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये पुरवठ्याच्या विलंबाबद्दल गिऱ्हाइकांची लेखी माफी मागण्यात आली. महसुलाची अवस्था मात्र माफी मागण्याजोगी मुळीच नव्हती: २०१८ सालचा ७०.८ अब्ज डॉलरांचा विक्रम २०१९ साली जवळजवळ ७२ अब्ज कमावून मोडला.

आता धाकट्या प्रतिस्पर्ध्याकडे वळू. ज्याच्या मालकीचा कारखाना तोच खरा मर्द, असे एएमडीचे एक संस्थापक जेरी सँडर्स यांचे प्रसिद्ध वचन होते; त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या कारभाऱ्यांनी २००९ साली कारखाने वेगळे काढून ते मर्दपण ग्लोबलफाउंड्रीज नामक कंपनीच्या हवाली केले, आणि पुढे ७ नॅनोमीटरच्या कामासाठी तैवानच्या टीएसएमसीच्या दारी दरखास्त लावली. इंटेलचे कोठार रिते असताना एएमडीचा बाजारहिस्सा वाढत गेला. तिच्या रायझन प्रोसेसरांत गुण होते हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु शेजारच्या दुकानी माल नसताना आपल्याकडे वळलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपला भक्त समजण्याचा मोह जो भल्याभल्यांना होतो, तो बाजारपेठेच्या भाष्यकारांनाही आवरला नाही.

मग २०२० साल उजाडले. महामारीने अवघे जग घरात कोंडले, शाळा पडद्यावर भरू लागल्या, आणि सोनी व मायक्रोसॉफ्ट या दोघांचीही खेळांची नवी यंत्रे त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एएमडीच्याच चिपा घेऊन अवतरली. या चिपा, सर्व्हरांचे प्रोसेसर आणि नवे रायझन या सर्वांची दरखास्त तैवानच्या एकाच कचेरीत असल्यामुळे टंचाई आता एएमडीच्या वाट्याला आली, आणि तिनेही ज्येष्ठ प्रतिस्पर्ध्याचाच कित्ता निष्ठापूर्वक गिरवून महाग मालाला अग्रक्रम दिला. टाकून दिलेला स्वस्त लॅपटॉपवाला मुकाट्याने इंटेलकडे परतला, कारण आता तिथे त्याच्यापुरता माल उपलब्ध होता. २०२० च्या अखेरच्या तिमाहीत मर्क्युरी रिसर्च या बाजारसंशोधन कंपनीच्या गणनेनुसार एएमडीचा हिस्सा २२.४ टक्क्यांवरून २१.७ वर घसरला. या घसरणीमागोमाग आलेल्या २०२१ या वर्षात तिचा महसूल ६८ टक्क्यांनी वाढून १६.४ अब्ज डॉलरांवर गेला, आणि वर्षाअखेर, खेळांच्या यंत्रांतील चिपा धरून, हिस्साही २५.६ टक्के या विक्रमी अंकावर पोचला.

अशा प्रसंगी बाजारहिश्शाच्या कोष्टकाला लोकमताचा कौल मानण्याची जी प्रथा आहे, ती आम्हांस फार करमणुकीची वाटते. ज्या निवडणुकीत एका उमेदवाराची मतपेटी मतदानाआधीच भरली म्हणून झाकण बंद होते आणि मतदार दुसऱ्या पेटीकडे वळवले जातात, तिच्या निकालावरून जनतेची आवड ठरवणाऱ्या पंडिताला जो मान मिळेल, तोच या तज्ज्ञांना मिळावा. टंचाईत गिऱ्हाईक प्रोसेसर निवडत नाही; कोणत्या गिऱ्हाइकाला थांबवायचे याची निवड प्रोसेसरवाले करतात, आणि दोन्ही खेपेस दोन्ही कंपन्यांची निवड एकाच माणसावर येऊन स्थिरावली: ज्याला सर्वांत स्वस्त संगणक हवा होता त्याच्यावर. स्पर्धा म्हणतात ती हीच असेल, तर तिच्यातील मतैक्य वाखाणण्याजोगे आहे.

या विपत्तीच्या निवारणार्थ अमेरिकी सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये चिप्स कायदा करून कारखानदारीच्या प्रोत्साहनार्थ ३९ अब्ज डॉलर राखून ठेवले. दैव असे की कायद्यावर सही होईतो टंचाई संगणकांच्या बाजारातून निघून गेली होती. मागणी कोसळली, गोदामे तुंबली, २०२२ च्या चौथ्या तिमाहीत इंटेलला तोटा झाला, आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू यांनी, साठा उतरवण्यासाठी आपण खपापेक्षा कमी माल पाठवत आहोत, असे भागधारकांपुढे निवेदन केले. जे विपुलतेने बुडवले ते हेतुपुरस्सर तुटवड्याने सावरायचे, हा बोध इतका स्पष्ट असताना सरकारने जुन्याच विचाराला चिकटून राहू नये. टंचाईत महसुलाचे विक्रम होतात आणि सुबत्तेत तोटा होतो, हे ज्याअर्थी हिशेबाच्या वह्यांनीच शाबीत केले आहे, त्याअर्थी यापुढील अनुदान कारखाने उभारण्यासाठी न देता, उभारलेले कारखाने बंद ठेवण्यासाठी द्यावे, अशी आमची नम्र शिफारस आहे.