दिसेल त्याची भजी

पहिला पाऊस पडला की माणसाला कांदा, बटाटा आणि मिरचीपलीकडे काही सुचत नाही. नवशिक्याने मात्र गॅस पेटवण्याआधी घरातून एक फेरी मारावी. परसात, गॅलरीत, फ्रीजच्या मागच्या कप्प्यात जे दिसेल त्याच्याकडे रोखून पाहावं आणि मनाशी म्हणावं, ‘याला पीठ चिकटेल का?’ चव पुढची गोष्ट. भजीत तळलं जातं ते पीठ. आतला ऐवज आपल्याच पाण्याच्या वाफेवर शिजतो.

पीठ किती पातळ हवं? घरोघरी तीन उत्तरं मिळतात : सरसरीत, पळीवाढं आणि अंदाजाने. तिसरं उत्तर देणाऱ्यांच्या हाताला चव असते, पण त्यांना विचारून फायदा शून्य. बोट बुडवून वर काढा. नख दिसलं तर बेसन घाला, बोट सुजल्यासारखं दिसलं तर पाणी. वाटीभर बेसनाला दोन चमचे तांदळाचं पीठ आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन पुरे. सोडा चिमूटभरच, हात सैल सुटला की भजी तेल पितात.

पहिला मान ओव्याच्या पानाला. (त्याचा खऱ्या ओव्याशी फक्त वासापुरता संबंध आहे, पण कुंडीला ते ऐकवू नये.) पान जाड, वर बारीक लव. पीठ त्या लवेला धरून बसतं आणि नवशिक्याची लाज राहते. म्हणून लगेच फुशारून मायाळूकडे वळू नका. ते पान तुकतुकीत. पीठ त्यावरून घसरगुंडी खेळतं. धुऊन, फडक्याने कोरडं पुसून, कोऱ्या तांदळाच्या पिठात घोळवा आणि मग बुडवा. उकडलेल्या अंड्यालाही हाच इलाज.

भोपळ्याचं फूल सकाळीच खुडावं, आणि तेही नर. नराचा देठ लांब, बारीक. मादीच्या बुडाशी चिमुकला भोपळा असतो. मादी तळलीत तर पुढे भोपळ्याची वाट पाहू नका. फुलातला पिवळा दांडा काढा, आत मुंगी नाही ना ते बघा, पाकळ्या अलगद मिटा, पिठात एक गिरकी द्या. तेलात पिठाचा थेंब टाकल्यावर तो खाली जाऊन लगेच वर आला, की फूल सोडा.

इथवर जमलं की नजर परदेशी जाते. स्कॉटलंडच्या स्टोनहेवनमध्ये १९९०च्या दशकात मार्स चॉकलेट तळलं गेलं, तेही माशांसारखंच पिठात बुडवून. टेक्सासच्या जत्रेत एबल गोन्झालेस यांनी २००६ साली कोकाकोला तळला आणि २००९ साली चक्क लोणी. कोला कसा तळला? कोलात पीठ भिजवून त्याचे गोळे सोडले. आपण ताकात भिजवतो, तसंच. लोणी मात्र आधी दगडासारखं गोठवावं लागतं.

हे ‘गोठवावं लागतं’ मी चॉकलेटच्या वेळी मनावर घेतलं नाही. बर्फाच्या कप्प्याऐवजी खाली, कोथिंबिरीशेजारी ठेवलं. एका कोपऱ्याला पीठ विरळ लागलं होतं. तिथून चॉकलेट तेलात उतरलं आणि कढईभर काळपट फेस झाला. तेल टाकवेना. गाळून त्यातच कांदाभजी काढली. आत्येने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी उजेडात धरून पाहिली.

“कांदे नाशिकचे नाहीत वाटतं?”