ऐकलंत का, आता पाटेही घरीच!

ठाण्याच्या खोपटात सध्या काय चाललंय, कल्पना तरी आहे का तुम्हाला? रविवारी सकाळी कुठल्याही सोसायटीच्या आवारात डोकावा. जुन्या पिकअपखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतील. पायांत घरातल्या स्लिपर, बाजूला चहाचा रिकामा कप आणि खालून आरोळी: "सतराचा पाना दे! अरे, हा चौदाचा!" घाबरून शंभर नंबर फिरवू नका. अपघात वगैरे काही नाही. आपलेच काका आहेत. स्टेअरिंगचं काम काढलंय, घरच्या घरी!

शिव शिव! माणसाने घरी काय करावं याला काही धरबंध? वायपर बदला, फ्यूज बदला, फारच हौस असेल तर ऑइल बदला. पण टाय रॉड एंड? बॉल जॉइंट? स्प्रिंगचे पाटे? आणि तेही कुठे, तर खोपटात! जिथे एसटीचा डेपो आहे आणि नुसतं "मिस्त्री" म्हणून हाक मारली तर तीन माणसं वळून बघतात. याच एलबीएस रोडने पुढे मुलुंडला १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएलचा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा कारखाना उभा राहिला. बाजूला वागळे इस्टेट, एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. तिथले लेथवाले चहा येईपर्यंत बुश दाबून देतील. दारात गंगा वाहतेय आणि हे बसलेत अंगणात विहीर खणत!

हे खूळ आलं कुठून? मी चौकशी केली नाही हं, आपोआप कानावर आलं. सगळं मूळ म्हणे पासिंगमध्ये. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, पण आठ वर्षं उलटली की दरवर्षी. एमएच-०४ काय आणि एमएच-०५ काय, नियम सगळ्यांना सारखा. आणि गाडी फिरते कुठे? घोडबंदर रोडला, कल्याण-शीळ रोडला, भिवंडीच्या गोदामांत. वर मंडपाचे बांबू नाहीतर केटररची पातेली, खाली ऑगस्टमधला रस्ता. मग पुढचा टायर आतून खायला लागतो, गाडी डावीकडे ओढते, स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नसतो. गॅरेजात न्यावी तर ठरलेलं वाक्य: "शेठ, पूर्ण सेटच टाकावा लागेल." हप्ते कधीच फिटलेले, गाडी विकायची नाही, आणि हा सेट काही संपत नाही. अशातच मंडप डेकोरेटरांनी मोबाइलवर बघितलं, अमेरिकेत कुणी दाढीवाला घराबाहेर बर्फात बसून आपल्या पिकअपचा बॉल जॉइंट बदलतोय. झालं! तो बर्फात करतो तर आपण उन्हात का नाही?

तेव्हापासून साथ पसरलीय. मंडपवाल्यांचं बघून केटरर, केटररचं बघून भाजीवाले. इथवर ठीक, त्यांचं पोट गाडीवर आहे. पण बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक गृहस्थ आहेत. धंदा नाही, शेती नाही, आणि या माणसाने जुनी पिकअप विकत घेतली ती निव्वळ दुरुस्तीसाठी! पूर्वी शनिवारी संध्याकाळी जोडीने तलावपाळीला जायचे. आता एकटेच कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जातात, जुना जॉइंट नमुना म्हणून पिशवीत घालून. ती भाजीची पिशवी होती, हे घरी कळल्यावर काय झालं ते मी सांगणार नाही. भिंत एकच आहे, एवढंच सांगते.

आणि बायकांची काय गत! रविवारी नऊ वाजता बिचारीला गाऊनवर ओढणी घेऊन ड्रायव्हर सीटवर बसवतात. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. तिने स्टेअरिंग इकडे-तिकडे जरासं हलवायचं, आणि ह्यांनी खाली एकेका जॉइंटवर हात ठेवून पडायचं. जो जॉइंट हाताखाली 'खट्' करतो तो चोर. "डावीकडे... उजवीकडे... अगं, पूर्ण नको फिरवू, नुसतं हलव!" संसारात एवढ्या स्पष्ट सूचना यांनी आजवर कधी दिल्या नव्हत्या. परवा एकीने तर वरूनच सांगितलं, "उजवीकडचा गेलाय, मला इथे जाणवतोय." आणि खरंच तोच गेलेला निघाला! घरोघरी आता दोन-दोन मेकॅनिक.

चोर सापडला की खरा तमाशा. टाय रॉडच्या टोकाची दांडी निमुळती असते आणि चाकाच्या आर्ममध्ये घट्ट रुतून बसलेली. नट सोडला तरी ती हलत नाही. नवशिके काय करतात, तर दांडीच्या डोक्यावर हातोडा घालतात. चुड्या चेपतात, जॉइंट जातो आणि तो तसाच तिथे बसून राहतो. मुरलेले लोक दांडीला हातच लावत नाहीत. नट दोन-चार चुड्यांवर तसाच ठेवायचा, म्हणजे सुटल्यावर अंगावर यायला नको. मग आर्मचं जे भोक आहे त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवायचा आणि समोरच्या बाजूने दुसरा दणकन हाणायचा. दोन-तीन घावांत 'टक्' होऊन दांडी आपोआप खाली येते. हा 'टक्' ऐकण्यासाठी म्हणे माणसं आता दुसऱ्यांच्या गाड्याही फुकट सोडवून देतात! सेक्रेटरींनी फलक लावलाय, "आवारात हातोडा मारू नये." फलक ठोकला मात्र त्याच हातोड्याने.

यांच्या वह्या बघितल्यात का? हो, वह्या! जुना एंड काढताना तो किती फेऱ्यांत निघाला ते लिहून ठेवतात आणि नवा तेवढ्याच फेऱ्यांत बसवतात, म्हणजे चाकाचा कोन फार हलू नये. मग पुढच्या दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपने मोजतात. फरक मिलीमीटरचा, चर्चा दीड तासाची. ज्यांनी मुलांच्या शाळेच्या वहीवर कधी सही केली नाही, ते हे सगळं तारखेसकट टिपतात.

पाट्यांचं तर विचारूच नका. सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, शॅकल हे शब्द आता आमच्याकडे भिशीत येतात. मेन पाट्याच्या डोळ्यातला रबरी बुश बदलला की नट कधी आवळायचा, यावरून दोन मजल्यांमध्ये अबोला आहे. वरच्यांनी गाडी जॅकवर असतानाच गच्च आवळला. खालचे म्हणाले, चाकं जमिनीला टेकू द्या, गाडीचं वजन पाट्यावर येऊ द्या, मगच शेवटचा आवळा. नाहीतर मान मुरगळून झोपलेल्या माणसासारखा तो बुश सतत पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. खालचे बरोबर होते. वरच्यांना अजून मान्य नाही, पण परवा रात्री अकरा वाजता टॉर्च लावून नट ढिला करताना त्यांना तिघींनी पाहिलंय. यू-बोल्टही थोडी गाडी चालवून झाली की पुन्हा आवळायचे असतात म्हणे. बघितलंत, मलासुद्धा यायला लागलं. साथच आहे ही!

आता नाकं मुरडून झाली असली तर कबूल करूया, या लोकांचं एक बरं झालंय. गॅरेजात "पूर्ण सेट" ऐकून ते आता मान डोलवत नाहीत. "कुठला जॉइंट हलतोय, दाखवा," म्हणतात. मिस्त्री हलवून दाखवतो, आणि सेटचा एकच एंड होतो. मिस्त्रीही अशा गिऱ्हाइकाशी जरा नीट बोलतो. आणि ज्याने स्वतः पाटा उचललाय, तो खड्ड्यात गाडी घालताना आपसूक ब्रेकवर पाय ठेवतो.

म्हणून मला धक्का बसला तो यांनी हे घरी केलं म्हणून नाही. तो बसला त्यातल्या कंजुषीने. भला मोठा रिंगपान्याचा सेट घेतात, चामड्याचे हातमोजे घेतात, आणि गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या चळतीवर ठेवून खाली सरपटतात! जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. वीट तर अचानक चुरा होते. दोन लोखंडी घोड्या घ्यायला काय होतं? काम झाल्यावर अलाइनमेंट मशीनवर गाडी न्यायलाही जिवावर येतं, कारण "टेपने मोजलंय ना!" टेपवर गाडी फार तर अलाइनमेंटवाल्यापर्यंत जाते, भिवंडीपर्यंत नव्हे.

आणि सगळ्यावर कळस म्हणजे ती स्प्लिट पिन. नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून आडवी जाते ती, किरकोळ किमतीची तार. नवा जॉइंट हजारांत आणतील आणि तिथे जुनीच, वाकवून सरळ केलेली, पुन्हा वाकवून घालतील. सरळ करताना ती अर्धी मेलेली असते. मुंब्रा बायपासवर तुटली तर नट हळूहळू सुटत जातो आणि चाक स्टेअरिंगचं ऐकेनासं होतं. मागे माल असतो, बाजूला दुसऱ्याची स्कूटर असते. तेव्हा उद्या कुणी "स्टेअरिंगचं काम घरीच केलं" म्हणून कौतुकाने पेढे वाटले, तर पेढा जरूर घ्या. शेजारधर्म आहे. पण "चला, एक चक्कर मारून येऊ" म्हणाले, तर दार उघडण्याआधी विचारा, पिन नवी घातली का? उत्तर द्यायला जरा जरी वेळ लागला, तर रिक्षाने जा.